सरस पातळ नव्हता

बाबा, गुरुवारी दुपारी तुमची गिटार उघडली. हौस म्हणून नाही, उघडावी लागली. यंदाचा उन्हाळा असा कोरडा गेला की आपल्या बडोद्यातल्या समा भागातल्या घरात भिंतीवर टांगल्या जागी तिची पाठ एका बाजूने सुटली, नख आत जाईल एवढी फट पडली. तुम्ही असता तर म्हणाला असता, लाकूड आहे, त्यालाही तहान लागते. मी तिला खाली उतरवलं, धूळ पुसली आणि दोन दिवस नुसतीच टेबलावर ठेवून दिली. शाळेतल्या नोकरीवरून यायचं, चहाचा कप घेऊन तिच्याशेजारी बसायचं, बोटाच्या पेराने पाठीवर टकटक करायचं आणि ऐकत राहायचं. असंच ऐकता ऐकता एकदा डोळा लागला, आणि जाग आली तेव्हा क्षणभर वाटलं की टकटक अजून चालूच आहे, म्हणजे तुम्ही मागच्या ओट्यावर बसला आहात आणि मी अठरा वर्षांची आहे. मग झोका घेता घेता आईचा हिंचका करकरला आणि मी पुन्हा त्रेपन्न वर्षांची झाले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची पस्तीस वर्षं राहून गेली आहे. त्यातली एकोणीस वर्षं तर तुम्ही नाहीच, म्हणजे तेवढी मला माफ धरावीत. उरलेली सोळा वर्षं मात्र माझ्या नावावर.

तुम्ही सगळंच वाजवून बघायचात. कलिंगड, नवा डबा, दाराची फळी. पाहुण्यांकडे गेलो तरी बोलता बोलता तुमचं बोट खुर्चीच्या हातावर टकटक करायचं आणि आई डोळे वटारायची. गिटार मात्र तुम्हाला वाजवता येत नव्हती, हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. साताऱ्याकडून नोकरीसाठी आलेला माणूस, कोयलीच्या रिफायनरीत मीटर दुरुस्त करणारा, सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसने जाणारा. त्याच्या हातात ही परकी वस्तू आली ती बदली झालेल्या एका सहकाऱ्यामुळे. मान मोडलेली गिटार न्यायची कशाला, म्हणून तो ती आपल्याकडे टाकून गेला. तुम्ही ती मीटर उघडावा तशी उघडलीत. आत काय दिसलं कुणास ठाऊक, पण तेव्हापासून मागचा ओटा तुमचा झाला. परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या तुम्ही भंगारवाल्याकडून निवडून आणायचात, कारण त्यांत कधीमधी फिकट, सरळ रेघांचं लाकूड निघायचं आणि ते चांगलं वाजायचं. भर उन्हात त्याच्या अंगणात उकिडवं बसून तुम्ही एकेक फळी कानाशी धरता आणि तो कपाळाला हात लावतो, "साहेब, आ तो बाळवानां लाकडां छे, एमां शुं सांभळो छो?" जाळायच्या लाकडात तुम्ही काय ऐकत होता ते मलाही तेव्हा कळत नव्हतं. मी सायकल धरून उभी असायचे आणि मला कुणी ओळखीचं बघत तर नाही ना, याची काळजी करायचे.

मग तो सरस. हाडाकातड्यापासून केलेला सुताराचा गोंद. त्याचे तपकिरी खडे भिजत घालायचे आणि पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून मंद आचेवर शिजवायचे. आधी तुम्ही ते आईच्या स्वयंपाकघरात सुरू केलंत. वास सुटला आणि आई पदर नाकाला लावून म्हणाली, "देव्हारा पलीकडच्या भिंतीला आहे आणि तुम्ही इथे हाडं शिजवता?" दुसऱ्या दिवशी एक चेपलेलं भांडं आणि जुना स्टोव्ह ओट्यावर हद्दपार झाला. ब्रश उचलला की काकवीसारखी धार पडली पाहिजे, पातळ झाली की सांधा धरत नाही, दाट झाली की आत शिरत नाही, हे तुम्ही मला इतक्यांदा सांगितलंत की माझ्या पाककृतींत फक्त तीच एक बिनचूक आहे. आईने माझ्या पुरणाला कायम नावं ठेवली. सरसाला नाही.

नववीत असताना मी एकदा तुमच्या आधी हुशारी केली होती. शेजारच्यांच्या गिटारीतली एक सुटलेली पट्टी मी बाजारातल्या दोन ट्यूबवाल्या गोंदाने चिकटवली, दगडासारखी घट्ट. तुम्ही कामावरून आलात, बोटाने दाबून बघितलंत. "छान बसलंय," म्हणालात. "आता हे उघडणार कोण?" मी म्हटलं, कशाला उघडायचंय, पक्कं झालंय. तुम्ही चप्पलसुद्धा काढली नव्हती. ओट्याच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "आपण काही शेवटचे नाही. आपल्यामागून कुणीतरी ही हातात घेणार. त्याला आत जाता आलं पाहिजे. आणि आत गेला की आपण कुठे चुकलो ते त्याला दिसलं पाहिजे." तुम्ही ओरडला असता तर मी विसरून गेले असते. म्हणून तर तुमच्या प्रत्येक गिटारीच्या पोटात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, नाव नाही, तारीख नाही, नुसत्या चुका. इथे लाकूड कमी पडलं, जोड दिला आहे. ही पट्टी वाकडी बसली, बाहेरून कळत नाही, पण आहे. चूक लिहायची, मग झाकण लावायचं, हा नियम. बाहेरून पॉलिश काय सगळेच करतात, असं तुम्ही म्हणायचात.

आता त्या ओट्याला जाळी लावून मी खोली केली आहे. शाळा सुटल्यावरचे दोन तास आणि रविवार तिथे जातो. शाळेतल्या बायका चिडवतात, "बेन, तमे तो मिस्त्री थई गयां." कुणाची मान मोडलेली, कुणाची तारा बांधायची घोडी उखडलेली, कुणी मुलाने सोडून दिलेली गिटार घेऊन येतं, आणि मी ती पोटाशी धरून आत आरसा सरकवते. नव्या अशा तीन बांधल्या. प्रत्येकीच्या आत लिहिलं आहे. माझ्या चुका पोटात घेऊन वीसेक गिटारी या बडोद्यात कुठे कुठे वाजत असतील, आणि त्यांच्या मालकांना पत्ता नाही. सगळे म्हणतात, हिने वडिलांची हौस पुढे चालवली. मी मान हलवते. हौस आहेच, नाही कशी म्हणू, रंध्यातून लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा निघायला लागला की मला जेवणाचीही आठवण राहत नाही. पण मी सुरुवात केली ती हौसेने नाही. तुमची भरपाई करायची होती, आणि ती अशी करता येत नाही हे कळायला तीन गिटारी लागल्या.

ही गिटार तुम्ही माझ्यासाठी बांधलीत. बारावी झाले म्हणून. आई माहेरहून घेऊन आलेल्या मोडक्या पलंगाचं शिसव बाजूंना आणि पाठीला, खोक्यातली फिकट फळी वरती. तापलेल्या नळीवर तुम्ही शिसवाची पट्टी हळूहळू वाकवता आहात, मी वाटीने पाणी शिंपडते आहे, आणि वाफेत गुळचट, मिरीसारखा वास येतो आहे. तो वास मला अजून शाळेतल्या मधल्या सुट्टीत उगाचच येतो. पूर्ण झाली त्या दिवशी मी कणीक मळत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "हात धू." एवढंच. तिला नायलॉनच्या तारा होत्या. आवाज गोड, पण लहान, एका खोलीपुरता. तुम्ही वाजवलीत, म्हणजे बोटाने टकटक केलीत, आणि बजावलंत, "ही अशीच वाजवायची. हिला ओरडायला लावू नकोस."

डिसेंबरात कॉलेजात कार्यक्रम होता. मोठा हॉल, माइक एकच, तोही गाणाऱ्यांसमोर. सरावाला मैत्रीण म्हणाली, "तू वाजवते आहेस की नुसती धरून बसलीस?" सगळे हसले. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी लहरीपुऱ्यातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "स्टीलना तार नाखो बेन, छेल्ली लाइन सुधी संभळाशे." मग गिटार कोणती आहे, असं त्याने विचारलं. त्याने विचारलं होतं, बाबा. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नायलॉनसाठी बांधलेल्या गिटारीला स्टीलच्या तारा लावल्या तर ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि ती आतून खचते, हे तुम्ही मला सांगितलेलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही. त्या आठवड्यात तुमची दुपारची पाळी होती, आपली गाठच पडली नाही. तीन दिवस तारा लावून ठेवल्या. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, टाळ्याही पडल्या. मग घरी येऊन स्टीलच्या तारा पक्कडीने तोडल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून दिल्या, नायलॉनच्या परत चढवल्या. घोडीमागे फळी किंचित फुगली होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, हात फिरवला की कळायचं. मी हात फिरवणं बंद केलं.

जानेवारीत संक्रांतीला, उत्तरायणाच्या दिवशी, अख्खं गाव गच्चीवर. मांजाने कापलेल्या बोटांना पट्ट्या, ताटात उंधियू आणि जलेबी, आणि चहूकडून "काइपो छे" चा गलका. तुम्ही खाली होता. शेजारचे काका कठड्यावरून वाकून, लाकडं ठेवून वर या म्हणून हाका मारतात, "अरे भाई, उपर आवो ने, आजे तो लाकडां मूको!" थोड्या वेळाने तुम्ही वर येता, पण पतंगाकडे बघत नाही. तुमच्या हातात घोडी आहे, खाली फळीचा एक पापुद्रा चिकटलेला. "सुटली," तुम्ही म्हणता. "भिंतीवर होती, कुणी हात लावला नाही, आपोआप सुटली." फिरकी माझ्या हातात आहे, दोरा सरसर जातो आहे, वर कुणाचा तरी पतंग कटतो आणि सगळे नाचतात. तेव्हा सांगता आलं असतं. गच्चीवर इतका आरडाओरडा होता की अर्धं तुम्हाला ऐकूही गेलं नसतं. मी म्हटलं, "अरे देवा," आणि दोरा सोडत राहिले.

पण खरंखुरं खोटं मी नंतर बोलले. तुम्ही पाठ काढलीत, तर आतल्या दोन पट्ट्याही सुटलेल्या. मग पंधरा दिवस तुम्ही कामावरून येऊन दुसरं काही केलं नाही. सरस नव्याने शिजवायचा, लाकडाच्या दोन चिपा चिकटवायच्या, वाळू द्यायच्या, तोडून बघायच्या. एका संध्याकाळी मला हाक मारलीत, चिपांची एक जोडी हातात दिलीत. "तोड बघू." मी गुडघ्यावर दाबून मोडली. लाकूड चिरलं, सांधा जसाच्या तसा राहिला. तुम्ही दुसरी दिलीत, तिसरी दिलीत. प्रत्येक वेळी लाकूड तुटलं, सरस नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. संशयाने नाही. संशय असता तर मी सुटले असते. अगदी खरोखर कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलंत, "मग तिथेच का सुटलं असेल गं?" मी म्हटलं, "काय माहीत, बाबा."

तेवढेच शब्द. तुम्ही पट्ट्या परत बसवल्यात, पाठ लावलीत, ती भिंतीवर टांगलीत आणि नंतर नवी गिटार बांधली नाही. लोकांच्या किरकोळ दुरुस्त्या करायचात, पण फळी कानाशी धरताना मी तुम्हाला परत कधी बघितलं नाही. भंगारवाला विचारायचा, साहेब हल्ली येत नाहीत. आईला तुम्ही सांगितलंत, डोळे साथ देत नाहीत. मी त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवायचा होता म्हणून ठेवला. चष्म्याचा नंबर वाढलाच होता, रेघ धरायला अवघड जातं, सगळं कसं पटण्यासारखं होतं. निवृत्त झालात तेव्हा अंगठ्याएवढा पितळी रंधा तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलात, म्हणालात, "माझ्यापेक्षा तुझ्या हातात बसतो." माझं लग्न झालं, मी परगावी गेले, तुमच्या आजारपणात परत आले, तुमच्या पलंगाशेजारी कितीतरी दुपारी बसले. तुमचं बोट पलंगाच्या कडेवर हळू टकटक करत असायचं. विषय काढायला याहून चांगली जागा कुठली मिळणार होती?

गुरुवारी पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून मी फटीत सरकवली. तुमचा सरस पस्तीस वर्षांनी मऊ झाला, हट्ट न करता सुटत गेला, जाळीतून ऊन तिरपं आत येत होतं आणि भुकटी त्यात तरंगत होती. आतून शिसवाचा तोच वास आला, तुमच्या वाफेतला. मी पाठ उलटी करून टेबलावर ठेवली. पेन्सिलीची अक्षरं अजून स्वच्छ होती. "सरस पातळ शिजला. चूक माझी. हाताचा भरवसा राहिला नाही, आता नवी बांधू नये." तीन वाक्यं. डोळ्यांचा त्यात कुठे उल्लेख नाही. मी चष्मा पुसून परत वाचलं, कारण मलाही वाटलं की माझेच डोळे चुकताहेत. मग मी खुर्चीत बसले आणि रडले, बाबा. त्या चिपा मी स्वतः गुडघ्यावर मोडल्या होत्या. सांधा सुटत नव्हता हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, आणि तरी सरस पातळ होता असं लिहिलंत, कारण घरात दुसरं कुणी चुकलं असेल हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही.

आईला सांगितलं. ती हिंचक्यावर वाल सोलत होती. ब्याऐंशीची आहे, पण कान तिखट आहेत. मी सगळं सांगून होईपर्यंत ती वाल सोलतच राहिली. मग ताट बाजूला ठेवून आत गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली, तोच तो बिस्किटांचा. त्यातून चाचपून एक पितळी मणी काढला, मिरीएवढा, मधे भोक. स्टीलच्या तारेच्या टोकाला असतो तसा. "हा तुझ्या पलंगाखाली सापडला होता झाडताना," ती म्हणाली. "मला वाटलं कुणाच्या पैंजणाचा आहे. कुणी मागितला तर द्यायला ठेवला." मी तो हातात धरून उभी. तुम्हाला एकदा दाखवला असता तर तुम्ही एका नजरेत ओळखला असतात. आईने मला जवळ घेतलं नाही आणि समजूतही घातली नाही. एवढंच म्हणाली, "ते रोज संध्याकाळी त्या चिपा मोडायचे ने, मी इथून बघायचे. मला वाटायचं, हे काय वेड लागलंय." आणि डब्याचं झाकण लावता लावता, "त्यांचा नियम काय होता? मग लिही की तिथे खाली. मला काय सांगत बसलीस."

म्हणून लिहिलं. तुमच्या तिसऱ्या वाक्याच्या खाली, शिसवावर, तुमच्याच डब्यातल्या सुताराच्या चपट्या पेन्सिलीने. "सरस पातळ नव्हता. बांधणारा चुकला नाही. स्टीलच्या तारा मी लावल्या होत्या, आणि विचारलं तेव्हा सांगितलं नाही." तुमचं वाक्य खोडलेलं नाही. पुढे कधी कुणी ही पाठ उघडेल त्याला दोन्ही दिसू देत. हे पत्र आत ठेवावं असंही एकदा मनात आलं, पण कागद आत राहिला तर तारा छेडल्या की थरथरेल आणि आवाज बिघडवेल, आणि त्यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. तेव्हा हे पॉलिश पेपरच्या खणात राहील.

एक मात्र कबूल करायला हवं. मी लिहिलं, आणि आईला दाखवायला पाठ उचलून हिंचक्यापाशी नेली. तिने उजेडात धरली, तिरपी केली, भिंग मागवलं. तुमची तिन्ही वाक्यं तिने घडाघडा वाचली. माझं तिला दिसेना. "कुठे लिहिलंस?" म्हणाली. मी पेन्सिल इतकी हलकी चालवली होती की हात फिरवला तरी पुसलं गेलं असतं. आता ओट्यावर सरस शिजायला ठेवला आहे. काकवीसारखी धार पडायला अजून थोडा वेळ आहे. तोवर बसून तीच अक्षरं दाबून गिरवते आहे.